अंगणातला मोह

आमच्या भागात मोहात कोणी पडत नाही. मोहच पडतो आणि आपण तो टोपलीत वेचतो. होळीच्या आगेमागे पहाटे झाडाखाली फिकट पिवळी, रसाळ फुलं टपटपतात. ऊन चढायच्या आत ती गोळा करायची आणि अंगणात वाळत घालायची. गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ज्यांना सांगावं लागलं, ते आमचे नवे पाळक.

पाळक तरुण होते, समुद्राकडचे. बोलणं छापल्यासारखं शुद्ध. आमच्या लहानशा चर्चमध्ये अर्धी मंडळी हिंदीत गातात आणि उरलेली झाडीबोलीत कुजबुजतात. त्यामुळे त्यांचं बोलणं सगळ्यांना आवडे आणि त्यातलं निम्मं कळे. खुर्च्या, चहा, गाण्यांचा क्रम आणि कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, हे सगळं मी बघते. ते काम मला कोणी दिलेलं नाही. पण मी यादी केली की लोक निमूट ऐकतात.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात दर रविवारी सैतानाचं एकेक रूप घ्यायचं, असं पाळकांनी ठरवलं. मी ओळीनं मांडून दिलं: साप, मेंढराच्या कातड्यातला लांडगा, घर फोडणारा चोर, पिठातलं खमीर, वैऱ्यानं शेतात पेरलेलं तण, गर्जना करत फिरणारा सिंह. इतके वेष झाडीपट्टीच्या नाटकातल्या खलनायकालाही मिळत नाहीत. सापाचा रविवार झकास गेला, कारण साप सगळ्यांच्याच घरी निघतो. नंतर चहाच्या वेळी प्रत्येकाकडे एक किस्सा होता. सैतानाचं नाव मात्र कोणी काढलं नाही.

दुसऱ्या रविवारी पाळकांना स्फूर्ती आली आणि ते यादीबाहेर गेले. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"प्रत्येकाच्या अंगणात एक मोहाचं झाड उभं असतं," ते हात पसरून म्हणाले. "आपण त्याच्या सावलीत बसतो. त्याची गोडी चाखतो. आणि म्हणतो, यात काय वाईट? बंधूभगिनींनो, ते झाड मुळासकट उपटून टाका!"

एकेक मान वळली. सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे, माझ्या सासूबाईंकडे. कारण आमच्या सगळ्या मंडळीत अंगणात मोहाचं झाड एकाच घरी आहे. ते घर कामठा गावात आहे आणि ते आमचं आहे.

मागून कोणीतरी पुटपुटलं, "इससे अच्छा तो सीधा नाम ले लेते."

सासूबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. माझ्या स्कूटरवरून कामठ्याला जाताना त्यांनी एकाही शेताकडे पाहिलं नाही. एरवी त्या मागे बसून वाटेतल्या प्रत्येक शेताबद्दल मत देतात.

घरी पोचल्यावर त्या झाडाखाली उभ्या राहिल्या. लग्न होऊन आल्या तेव्हाही ते झाड असंच होतं म्हणे. दर उन्हाळ्यात त्या फुलं वेचतात, वाळवतात, थोडी ईस्टरच्या लाडवांना ठेवतात, थोडी बैलांना, आणि बाकीची बाजारात विकतात. त्या जोरावर त्यांनी कोणापुढे हात पसरलेला नाही, आमच्यापुढेही नाही. विकलेल्या फुलांचं पुढे काय होतं, हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सासूबाई ते विचारत नाहीत आणि घेणारा सांगत नाही.

"मी का दारू काढतो का वो?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, आई."

"पण लोकं काढते. माह्याच फुलायची काढते." त्यांनी खोडावर हात ठेवला. "त्यानं बरोबर सांगतलन. मले माहीत होतं, कोणीतरी एक दिवस सांगनच."

तासाभरात त्यांनी गावातल्या झाडं कापणाऱ्या आरावाल्याला निरोप पाठवला: उद्या सकाळी ये.

मी काही सोडून देणाऱ्यांपैकी नाही. "आई, हे झाड तोडायला सरकारी परवानगी लागते," मी म्हणाले.

"देवानं सांगतलन. देवाच्या वरती कोन हाय? तहसीलदार?"

मी मागच्या दारी जाऊन पाळकांना फोन लावला.

"पाळकसाहेब, ते मोहाचं झाड."

"हो, ताई!" त्यांचा आवाज खुलला. "आवडलं ना? ऐन वेळी सुचलं. फार बोलकं रूपक आहे."

"रूपक नाही हो. दोन माणसांच्या कवेत मावत नाही ते."

पलीकडून हळूच, "म्हणजे, खरंखुरं झाड?"

"खरंखुरं. पानंसुद्धा आहेत. उद्या सकाळी आमच्याकडे ते कापणार आहेत, तुमच्या सांगण्यावरून."

"पण ताई, मोह म्हणजे लोभ! आसक्ती!"

"तुमच्याकडे. आमच्याकडे मोह म्हणजे मोह. उद्या उजाडताना या आणि काय ते आईंना तुम्हीच सांगा. माझं त्या ऐकत नाहीत."

पाळक आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, चकचकीत बूट, काखेत पवित्र शास्त्र. आरावाला त्यांच्याआधीच येऊन बिडी ओढत बसला होता. सासूबाई मात्र फुलं वेचत होत्या. झाड पाडायचं म्हणून आज पडलेला मोह कोण वाया घालवणार?

पाळक झाडाखाली उभे राहून वर बघत होते, तेवढ्यात एक फूल त्यांच्या खांद्यावर पडलं. मग एक डोक्यावर. मला हसू येत होतं, पण मी चेहरा गंभीर ठेवला.

"आजी, माझी चूक झाली," ते म्हणाले. "मी या झाडाबद्दल बोललोच नव्हतो. मला हे झाड माहीतच नव्हतं."

सासूबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मोह माहीत नाही? मंग मोहावर बोलून काऊन राहिले होते?"

आरावाल्याला ठसका लागला.

"आता खाऊन पाहा," सासूबाई म्हणाल्या आणि टोपलीतलं एक टपोरं फूल त्यांच्यापुढे धरलं. "खाल्ल्याबिगर काही सांगू नोका."

मी ते दृश्य पाहिलं आणि मला राहवेना. झाड, झाडाखाली बाई, बाईच्या हातात गोड काहीतरी, समोर चांगला सरळमार्गी पुरुष; शास्त्राच्या पहिल्या पानांवरचंच चित्र. पाळकांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले.

"घ्या, पाळकसाहेब," मी म्हणाले. "साप मी बघून घेतलाय. नाहीये."

त्यांनी फूल तोंडात टाकलं. चावलं. डोळे बारीक केले. मग न विचारता टोपलीतलं दुसरं उचललं.

"गोड आहे," ते म्हणाले.

"गोडच राहते. दारू मानूस करते." सासूबाईंनी टोपली खाली ठेवली. "मी लोकायले इकतो. ते पाप हाय का नाही, ते सांगा. झाडाचं नोका सांगू, माह्यं सांगा."

याची तयारी पाळकांनी केलेली नव्हती आणि मीही केलेली नव्हती. त्यांनी काखेतलं शास्त्र उघडलं नाही. खाली मातीत बसले, बुटांसकट, आणि एक फूल वेचून टोपलीत टाकलं.

"कोणाला विकायचं, हे तुम्ही ठरवू शकता, आजी," ते म्हणाले. "ते ठरवताना तुम्हाला जड जाईल. पण झाडाचं मला नक्की माहीत आहे. शास्त्रातल्या पहिल्या बागेत एवढं सगळं झालं, तरी देवानं ते झाड तोडलं नाही. माणसांना बाहेर काढलं."

सासूबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "मंग मले बाहेर काढता का?"

"नाही हो!"

"मंग झाड बी राहते, मी बी राहतो." त्या आरावाल्याकडे वळल्या. "तू कायले बसून राहिला रे? चहा पी आन जा."

त्या वर्षी फुलांचा मोठा भाग बाजारात गेला नाही. सासूबाईंनी लाडू वळले, गोंदियात ओळखीच्या बायकांना विकले आणि मंडळीत वाटले. जुना घेणारा दोनदा दारात येऊन गेला. तिसऱ्यांदा त्याला थोडी मिळाली. ते मी पाहिलं आणि यादीत घातलं नाही.

पाळक तेव्हापासून दर शनिवारी मला फोन करतात.

"ताई, उद्या लांडगा घेतो."

"नको. मागच्या बाकावरच्या एका घराचं आडनाव काय आहे, आठवा."

"मग खमीर?"

"वडील मंडळींतल्या एकाचं जिलेबीचं दुकान आहे. ते मनाला लावून घेतील."

"तण?"

"सगळ्यांच्याच धानाच्या बांधीत आहे. घरी जाऊन भांडणं होतील. सिंहावर बोला."

सिंहाचा रविवार निर्धास्त गेला. सासूबाई तिसऱ्या बाकावर, पदर खांद्यावर, लाडवांचा डबा मांडीवर. पाळकांनी गर्जनासुद्धा करून दाखवली.

परतताना स्कूटरवर मागून आवाज आला, "सिंहाचं काही भेव नाही, पोरी. आपल्याकडं वाघ हाय."