मशीनने सोडून दिलेले नंबर

ऑफिसात तिला सगळे भिंगबाई म्हणत, आणि मनातून तिला ते आवडायचंही. चौकातल्या कॅमेऱ्यांनी काढलेल्या फोटोंतले गाड्यांचे नंबर मशीन वाचायचं. त्याला जमले नाहीत ते तिच्याकडे येत: चिखल फासलेले, वाकवलेले, चकाकती फिल्म चिकटवलेले. नंबर कॅमेऱ्यात उमटू नये म्हणून पाटीवर मारायचे फवारेही बाजारात मिळतात, पण त्यांचं तिला हसूच यायचं. फवारा मारून काही म्हणजे काही होत नाही, मशीन खुशाल वाचून मोकळं होतं. फिल्मने मात्र ते कधीकधी गडबडतं. आणि गडबडलं की फोटो थेट भिंगबाईंपुढे, मग ती उजेड कमीजास्त करून, डोळे बारीक करून दोन मिनिटांत नंबर काढणार. म्हणजे लोक चांगले पैसे मोजून तिच्या तावडीत सापडायचे.

त्या दिवशी अकराच्या सुमारास आदल्या दिवशीचा असाच एक फोटो आला. नंबराच्या जागी पांढरा चकाकता पट्टा, पण नंबर वाचायची गरजच पडली नाही. काचेमागची राखाडी टोपी तिच्या वडिलांची होती. दिवा लाल होता, गाडी झेब्रा पट्ट्यांवर होती आणि बाबागाडी ढकलणारी एक बाई दचकून मागे सरत होती. शेजारच्या सीटवर तिची सात वर्षांची लेक खाली वाकलेली, तिची नुसती वेणी दिसत होती. वडिलांच्या चेहऱ्यावर ना घाई, ना भीती. तिने फोटो मोठा करून ती वेणी पुन्हा पाहिली.

मग संताप आला. गाडी तिच्या नावावर, त्यामुळे दंडाचे मेसेज तिच्याच फोनवर यायचे. दोन आले तेव्हा तिने वडिलांना बजावलं होतं की तिसरा आला तर किल्ली माझ्याकडे. त्यानंतर एकदा जेवताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं होतं, ती फिल्म लावली तर कॅमेरा फसतो म्हणतात, खरं का? कधीकधी फसतो, असं ती म्हणाली होती. पुढे तो फोटो कोण वाचतं, हे सांगायचं तिला सुचलं नाही. कॅमेऱ्याला चुकवून करायचं काय होतं त्यांना? त्यांना चुकवायचं होतं ते तिला, आपल्या लेकीला.

शाळा साडेबाराला सुटायची. लेकीला आणायला तेच जाणार. तिने फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. पाणी प्यायला उठली आणि न पिताच परतली. घरच्या गाडीचा फोटो आला तर तो साहेबांकडे द्यायचा असा नियम होता. तो तिने दिला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि टॅक्सी पकडली. वाटेतला प्रत्येक सिग्नल तिच्या जिवावर आला.

गाडी शाळेच्या फाटकाशी धड उभी होती. वडील तिला पाहून आधी खूश झाले, मग तिची नजर नंबराच्या पाटीकडे गेलेली पाहून पाटीच्या आड सरकले.

"किल्ली द्या, बाबा."

ते उखडले. इतकी वर्षं गाडी चालवतोय, साधा ओरखडा नाही. काल एकदा लक्ष नव्हतं, तर एवढा तमाशा कशाला, असं बरंच बोलले. तिने हात पुढेच धरला. शेवटी त्यांनी किल्ली दिली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

लेक धावत आली. आई गाडी चालवणार म्हणून तिला मजा वाटली. दप्तर पायाशी टाकून ती पुढे बसली, आणि पहिला चौक दिसताच ताठ होऊन समोर पाहू लागली.

"लाल आहे," ती म्हणाली.

"दिसतंय गं मला."

"दिसतं तुला?" लेकीला नवल वाटलं. "मग मी नको सांगू?"

आईने ब्रेक दाबला. गाडी थांबली तरी तिचा पाय निघेना. आरशात वडिलांनी मान बाहेर वळवली होती.

"रोज तू सांगतेस?"

"हो. आजोबा म्हणाले घरी बोलायचं नाही." लेकीचा आवाज बारीक झाला. "काल माझी पेन्सिल खाली पडली, म्हणून सांगायचं राहिलं. तू आजोबांना रागावू नकोस ना. चूक माझी होती."