वाटून टाकलेला फरक

मोजणीत माझ्या काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं लोक म्हणायचे. म्हणोत बापडे. मी सख्खी पुतणी, मला विचाराल तर मी वेगळं सांगेन.

पृथ्वीचं कवच अखंड नाही. त्याचे मोठाले तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. असे दोन भूपट्ट नेमके आमच्या गावाखाली एकमेकांना घासत उलट दिशांना सरकतात. हे मला शाळेनं नाही, काकांनी ओढ्याकाठी नेऊन शिकवलं. डोंगरातून सरळ उतरलेला ओढा एका जागी काटकोनात वळतो, शंभरेक पावलं बाजूला जातो आणि मग पुन्हा आपली वाट धरतो. हजारो वर्षांत खालची जमीन सरकली आणि ओढ्यालाही सोबत घेऊन गेली. मागची डोंगराची लांब धारसुद्धा याच घासाघाशीत वर आलेली.

काका मोजणी खात्यात होते. हे दोन भूपट्ट जिथे घासतात त्या रेषेच्या दोन्ही अंगांना पितळी खिळे ठोकलेले होते आणि त्यांच्यातलं अंतर दरवर्षी मोजायचं. दरवर्षी बोटभर फरक यायचा. पण खात्याची रीत अशी की, नवा आकडा जुन्या नकाशाशी जुळला नाही तर चूक मोजणाऱ्याची. म्हणून सगळेच तो फरक सगळ्या खिळ्यांत थोडा थोडा वाटून टाकायचे. नकाशा जुळायचा, साहेब खूश. काकांनी बावीस वर्षं हेच केलं. साहेबाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय, असं ते काकूला म्हणायचे.

माझे बाबा बसगाड्या दुरुस्त करायचे. त्यांनी घरासाठी जागा घेतली ती बरोबर त्या रेषेवर. काका धावत आले. रेषा तुझ्या स्वयंपाकघराखालून जाते, इथे बांधू नकोस, म्हणाले. बाबांनी खात्यातून नकाशाची नक्कल आणली आणि टेबलावर पसरली. बावीस वर्षांत जमीन तसूभरही हललेली नव्हती.

"ही सही कुणाची, दादा?"

"माझी."

"मग खोटं तेव्हा लिहिलंस की आता बोलतोयस?"

आई शेंगा सोलत होती, तिचे हात थांबले. मी दारात उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं हो! नोकरी गेली असती, चारचौघांत नाक कापलं गेलं असतं, एवढंच. काकांनी नकाशाची घडी घातली आणि म्हणाले, "तुला पटेल ते कर."

बाबांची खात्रीच पटली की, दादाला आपलं घर खुपतंय. दोघांचं बोलणं तुटलं. घर उभं राहिलं. वर्षभरात स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला, बाबांनी तो बुजवला. पुढच्या वर्षी पुन्हा बुजवला. गवंडीच चोर, म्हणाले.

सहाव्या वर्षी, सकाळी पावणेअकराला, जमीन एका झटक्यात सरकली. कुंपणाची भिंत मधोमध तुटून दीड मीटर बाजूला गेली. बाबा कामावर होते, मी कॉलेजात. आई ढिगाऱ्याखाली, ओट्यापाशी सापडली.

पंधराव्या दिवशी काका आले. बाबा विटा निवडून बाजूला रचत होते, त्याच जागी पुन्हा बांधायचं म्हणून. काका उभ्याउभ्याच रडले आणि सगळं सांगून मोकळे झाले. बावीस वर्षांचे आकडे, वाटून टाकलेला फरक, सगळं. मग म्हणाले, "तेव्हा खोटं लिहिलं होतं. आता खरं सांगतोय, पाया पडतो तुझ्या, इथे बांधू नकोस."

बाबांनी हातातली वीट खाली ठेवली नाही.

"तुला खोटं लिहिता येतं, एवढंच कळलं मला," ते म्हणाले. "आजचं खरं कशावरून धरू?"

मी बाबांना समजावलं, भांडले, दोन दिवस जेवले नाही. काकांनीच पढवलंय हिला, एवढंच ते म्हणाले. सोमवारी त्यांनी पाया खणायला घेतला, जुन्या स्वयंपाकघराच्या जागेपासून.