ओल्या लादीविरुद्ध माझे एक वाक्य

अर्जदार: खाली सही करणार, म्हणजे मी. गैरअर्जदार: खाडीवरच्या धक्क्याच्या कामावरील ओव्हरसियरसाहेब, नाव देत नाही, त्यांच्या नावाला कागदावर फार जागा लागते. पीडित इसम: एक गवंडी. घटनेचा दिवस: नारळी पौर्णिमेनंतरचा पहिला बाजारवार, स्वराज्य येऊन दहाएक वर्षे झालेली. नेमकी तारीख कचेरीत आहे, म्हणजे ती सुरक्षित आहे, कोणाच्याही हाती लागणार नाही. साक्षीदार: एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आणि समुद्राची भरती. दुसरी साक्षीदार रोज दोनदा जागेवर हजर होते. कचेरीने तिला अद्याप बोलावलेले नाही.

माझे शिक्षण मराठी सहावी. सातवीच्या परीक्षकांना माझी योग्यता ओळखता आली नाही, त्यास माझा इलाज नव्हता. तरीही चौलपासून खाडीच्या तोंडापर्यंतच्या गावांचे अर्ज माझ्याच लेखणीतून जात. कचेरीसमोरच्या चिंचेखाली मी पेटी मांडून बसे. माझा एक नियम होता: अर्जात नुसती तक्रार नको, कारणही हवे. कारण नसले की अर्ज बिनमिठाच्या पेजेसारखा दिसतो.

त्या दिवसांत मिठाचा एक पडाव, म्हणजे मालवाहू होडी, वाऱ्याने नव्या काँक्रीटच्या धक्क्यावर आपटला आणि वरच्या कडेचा हातभर तुकडा उडाला. गावकरी तक्रार लिहून घ्यायला आले. मी लिहिले, 'सदर काँक्रीट पाणी पिऊन कमजोर झाल्याने तुटले.' धक्का माझ्या पेटीपासून पाव तासाच्या वाटेवर होता. तो जाऊन पाहण्याची मला गरज वाटली नाही; वाक्य बसल्या जागी उत्तम जमले होते.

आठवड्याने ओव्हरसियरसाहेब तेच वाक्य घेऊन धक्क्यावर आले; गावकऱ्यांमागून मीही गेलो. काम सुरू होताना त्यांच्याच हुकमाने धक्का बांधणाऱ्या गवंड्याने एकाच घाण्यातल्या, म्हणजे एकदम कालवलेल्या, मालाच्या चार सारख्या लाद्या ओतून ठेवल्या होत्या. दोन साहेबांच्या ओसरीवर पत्र्याखाली कोरड्या राहिल्या. बाकीच्या दोन त्याने दोर बांधून खाडीत सोडल्या. त्याचे म्हणणे, धक्का काही ओसरीवर राहायचा नाही. साहेबांनी एक कोरडी आणि एक ओली लादी दगडांवर आडवी टाकून प्रत्येकीवर वाळूच्या गोणी चढवायला लावल्या, एकेक, सावकाश, मध्ये विडी ओढून होईल इतक्या सावकाश. ओली लादी आधी मोडली.

साहेबांनी माझे वाक्य सर्वांसमोर मोठ्याने वाचले. माझे लेखन जाहीरपणे वाचले जाण्याचा तो पहिलाच प्रसंग. खोटे कशाला सांगू, मी फुललो.

"अर्जात आहे तेच सिद्ध झालं," साहेब म्हणाले. "माल कच्चा, पाणी पितो. या गवंड्याला यापुढे सरकारी काम नाही."

गवंडी पुढे आला. "रावसाहेब, पडाव काय गोनी हाय? तो हलूच येऊन बसत न्हाय, आपटतो. आनि उडाला तो वरचा कोरडा भाग. खालचा रोज पान्यात बुडतो, त्याला चरा पन न्हाय."

"मग धुमस आना की!" तांडेल म्हणाला. धुमस म्हणजे जमीन ठोकण्याचा तो लोखंडी ठोकळा. "उरलेल्या दोघींवर एकाच उंचीवरून टाकून बघा."

"आपटून पाहण्याची चाचणी नियमात नाही," साहेब म्हणाले. जेवणाची वेळ मात्र नियमात असावी, कारण ते लगेच निघून गेले.

ते गेल्यावर धुमस टाकलीच. कोरडी लादी पहिल्याच घावाला दुभंगली. ओलीवर केसाएवढी रेघ उमटली, इतकेच.

तांडेल माझ्याकडे वळला. "अर्जवाले काका, लिवा आता! कोरडी लादी पानी पिऊन फुटली!"

सगळे हसले. गवंडी हसला नाही. त्याने मला ओहोटीच्या ओल्या वाळूवर, पुळणीवर नेले. "हितं नुसतं उभं राव्हा, काका." माझे पाय रुतू लागले. "आता जोरात पाय आपटा." आपटला, तर पुळण फरशीसारखी टणक लागली. "काँक्रीटच्या बारीक भोकांत पानी असतं. हलू दाबलं तर त्याला सरकाया येळ मिलतो, मग आतून कमजोर. एकदम मारलं तर पलाया येळच न्हाय, तेच धरून ठेवतं. ह्ये तुमी आदी का न्हाय बघितलं?"

मी पायांची वाळू झटकून चिंचेखालच्या पेटीकडे निघालो.

त्याच दिवशी मी आयुष्यातला पहिला बिनमोबदल्याचा अर्ज लिहिला, स्वतःच्याच अर्जाविरुद्ध. कचेरीचे उत्तर तत्पर आले: 'आपल्याच पूर्वीच्या अर्जात कारण नमूद आहे. दोहोंपैकी खरे कोणते, ते कळवावे.' 'दुसरे खरे,' असे मी दुसऱ्याच दिवशी कळवले. त्यानंतर कचेरीला वाचा फुटलेली नाही.

खाडीवर आता पूल होतो आहे. खडी कुटल्याचा आवाज गवंड्याच्या अंगणात ऐकू येतो आणि तो लोकांच्या विहिरींचे काठ बांधतो. मला अजून काकाच म्हणतो, हे जास्त लागते.

सबब, मायबाप सरकारचरणी मागणे की, माझे ते एक वाक्य दप्तरातून खोडण्यात यावे. मी स्वहस्ते खोडण्यास हजर आहे, येताना लेखणी माझीच आणीन. गवंड्याचे नाव पुलाच्या कामावर घेण्यात यावे. हे होणे नसल्यास नकार तरी लेखी मिळावा, कारण तो त्याला वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आहे.