काचेची उंची आणि चाळीस किलो दगड

लातूर जिल्हा नवा झाला आणि माझी बदली तिकडे झाली. कचेरी नवी, पाटी नवी, खुर्च्या जुन्या जिल्ह्यातून ट्रकने आलेल्या आणि नळ कोरडे. पाऊस दुसऱ्या वर्षीही पडला नव्हता. बायको आणि सात वर्षांची मुलगी यांना अशा गावात आणण्यात अर्थ नव्हता. नांदेडला निदान पाणी होतं. शनिवारी कचेरी सुटली की मी मोटारसायकलने नांदेडला जाई आणि सोमवारी पहाटे परत निघे. परतताना मागे दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे पाण्याचे कॅन असत. आठवडाभराची पिण्याची सोय तेवढीच.

अडचण वाऱ्याची होती. सगळा रस्ताभर तो हेल्मेटवर थपडा मारी. घरी उतरलो की कानात पिठाची गिरणी सुरू असे, ती रविवारी दुपारी थांबे. तोवर मुलगी काय सांगते ते कळत नसे, मी नुसती मान हलवी. अशीच मान हलवून मी एकदा मांजराचं पिल्लू पाळायला परवानगी दिली.

"अहो, हे असं येण्यापेक्षा येऊच नका," बायको म्हणाली. "नाहीतर आम्हीच येतो तिकडं. पाणी नसलं तर नसलं."

मला दोन्ही नको होतं. म्हणून मी गाडीला पुढे काच बसवायचं ठरवलं.

लातुरात शिरतानाच एक दुकान होतं. काच म्हणायची, होतं ते जाड पारदर्शक प्लास्टिक. तीन उंचीच्या काचा होत्या.

"सायेब, काच ती काच," दुकानदार म्हणाला. "वारा अडला म्हंजे झालं."

"जास्त कोणती चालते?"

"जी पुढं टांगली ती."

हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही. तिन्ही काचा सुतळीने बांधून मी रेणापूरच्या रस्त्याला एकेक चक्कर मारली. बुटकी काच छातीवरचा वारा उचलून नेमका हेल्मेटवर टाकत होती; तिच्यापेक्षा बिनकाचेची गाडी शांत. उंच काचेमागे आवाज नव्हता, पण बघायचं तिच्यातूनच, आणि त्या उन्हाळ्यातली धूळ धुवायला पाणी कुठलं? शिवाय तिच्यामागे पोकळी होऊन वारा पाठीमागून मानेला ढकलत होता. मधली काच ठीक वाटली. वरच्या कडेला दोरा बांधून तो कुठे फडफडतो ते पाहिलं. कड नाकाच्या रेषेत आली की नजर वरून जाते आणि वारा डोक्यावरून. खाली तीन बोटांची फट ठेवली की मानेचा धक्काही कमी. टेप लावून खुणा केल्या, दुकानदाराने भोकं पाडली, नट आवळले.

"लगीन जमवायलाबी इतकं मोजत न्हाईत, सायेब," तो म्हणाला.

शनिवारी निघालो. अर्धा रस्ता व्हायच्या आधीच कानात गिरणी सुरू झाली.

घरी रात्रभर विचार केला. सोमवारी परतताना मात्र सगळा रस्ता शांत. मग उलगडा झाला. काच बसवली त्या सकाळी मी थेट नांदेडहून आलो होतो आणि कॅन भरलेले होते. त्या उन्हाळ्यात भरलेले कॅन रस्त्यावर उतरवून कोणी ठेवत नसे, मीही ठेवले नव्हते. चाळीस किलो पाण्याने गाडीचं मागचं अंग दोन इंच बसतं, तेव्हा काचेची कड नाकाच्या मानाने इंचभर वर येते. कॅन रिकामे असले की ती खाली जाते आणि वारा पुन्हा हेल्मेटवर. म्हणजे काच अचूक होती, पण पाणी घेऊन येणाऱ्या माणसासाठी.

दुकानदार म्हणाला, दुसरी भोकं पाडली तर काच तडकेल. तेव्हा गाडीच वजनात ठेवणं भाग होतं. पुढच्या शनिवारी मी बोअरच्या मचूळ पाण्याने दोन्ही कॅन भरले. घरमालक दारात उभे होते.

"पानी कुठं घेऊन चाललाव?"

"नांदेडला."

त्यांनी एका कॅनचं झाकण उघडून आत बघितलं. "गोदावरी आटली का?"

मी काच, नाक आणि दोन इंचांचं गणित सांगितलं. तोवर शेजारची चार माणसं जमली. लातुरातून पाणी बाहेर जातंय, एवढंच त्यांना कळलं. एक आजी म्हणाली, "लई शिकल्यावानी बोलतंय लेकरू, पर पानी खाली ठीव आधी." मी कॅन परत हौदात ओतले.

शेवटी घरमालकांनीच वाट काढली. त्यांनी मागच्या अंगणात विहीर खणली होती, तिला पाणी लागलं नव्हतं, दगड मात्र भरपूर लागले होते. "हे न्या की. दर आठवड्याला न्या." किराणा दुकानाच्या काट्यावर मी वीस-वीस किलोची दोन पोती तोलली. किराणावाल्याने विचारलं, "भाव काय लावला?"

त्या संध्याकाळी मी घरी उतरलो आणि कान रिकामे होते. पोती बघून बायकोने विचारलं, "लातूरहून काय आणलं?"

"दगड."

तिने अंगणाचा कोपरा दाखवला. पुढच्या शनिवारी तिने विचारलंही नाही. महिना-दीड महिन्यात अंगणात ढीग झाला. मुलीने पहिल्या खेपेतून मांजराला घर बांधलं, दुसरी भातुकलीला नेली. शेजारी विचारू लागले, बांधकाम कधी काढताय.

एका शनिवारी मी पोती उतरवत असताना बायको पायरीवर बसून म्हणाली, "मी लातूरला आले तर?"

"पाणी नाही तिथं."

"ते राहू द्या. वजन बघा. मागं मी बसले की दगड लागायचे नाहीत. काच बरोबर येईल."

मी मनात हिशेब केला. तिचं वजन दगडांपेक्षा थोडं जास्त होतं, पण एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे चाललं असतं. "येईल," मी म्हणालो.

"पण मी तिथं असले तर तुम्ही इथं यायचं कशाला?"

तेवढ्यात मुलगी मांजराला उचलून आली आणि तिने शाळेतल्या भांडणाची गोष्ट सुरू केली, बारीक आवाजात, मध्ये मध्ये थांबत, कोण कोणाला काय म्हणालं ते सगळं. मी पोतं खाली ठेवलं आणि पायरीवर बायकोशेजारी बसलो. गोष्ट लांबली. मला शेवटपर्यंत ऐकू आली.

"चालू द्या दगड," बायको म्हणाली.