शकुबाईच्या चाकूची सपाट बाजू

आष्टीच्या पुढे महादेवरावांची संत्र्याची नर्सरी आहे. तिथे डोळे भरणारी बारा माणसं. अकरा पुरुष आणि एक शकुबाई. डोळा भरणं म्हणजे जंबेरीच्या, म्हणजे खुंटाच्या रानलिंबाच्या रोपाची साल चिरायची, संत्र्याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, कापून तिच्यात बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. सव्वीस वर्षं हे काम करणाऱ्या बाईच्या नावापुढे सरकारी कागदावर 'अकुशल मजूर' लिहिलेलं आहे. अकुशल म्हणे! लिहिणाऱ्या साहेबानं एक डोळा भरून जगवून दाखवावा, मी पाया पडते त्याच्या.

मागच्या पोळ्याच्या सुमारास शकुबाई एसटीच्या पायरीवरून घसरली. डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा ते वाकडंच जुळलेलं होतं. काडी धरता येई, कापताही येई, कारण चाकू उजव्या हातात. पण धार लावता येईना. दगडावर चाकू पाजवताना डाव्या हाताची बोटं पात्यावर दाब धरतात. दाब हलला की पात्याचा कोन हलतो आणि धार गोल होते. मग साल चिरत नाही, फाटते. फाटलेल्या सालीत डोळा जगत नाही.

"दुसऱ्याकडून लावून घ्या," मी म्हटलं. मजुरांच्या संघटनेचं काम करते मी, उपाय सांगायची सवयच.

"नाई जमत, ताई. इथं कोणी आपला चाकू दुसऱ्याच्या हाती देत नाई. मी देला, तं हेच लोक म्हणतील, बाई थकली, तिले पिशव्या भराले बसवा."

पिशव्या म्हणजे रोपांसाठी माती भरायच्या काळ्या पिशव्या. महादेवराव तसं दोनदा बोलूनही गेले होते. शकुबाईला बाकी कशाची धास्ती नव्हती. चाकू हातातून जाईल, एवढीच.

माझा मावसभाऊ प्रफुल नागपूरला हॉटेलात स्वयंपाकी आहे. त्याच्याकडे धार लावायचं एक यंत्र पडून होतं. पातं शिकंज्यात आवळायचं, दगड एका दांडीला बसवलेला असतो, आणि दांडी ज्या खुणेवर अडकवाल त्याच कोनात दगड फिरतो. हात थरथरो की वाकडा असो, कोन हलत नाही. मी ते उचललं आणि शकुबाईच्या घरी गेले.

"घ्या, हे तुमचं नवं मनगट."

वीस अंशावर दांडी लावली. आधी जाडा दगड, काठाच्या पलीकडे बोटाला खरखरीत पदर लागेपर्यंत. मग मी पातं उलटं केलं, तशी शकुबाई पुढे सरकली.

"ह्या बाजूनं पण?"

"दोन्ही बाजूंनी. प्रफुलनं तसंच सांगितलंय."

"मले शिकवलं ते नत्थूजी ह्या बाजूले दगड टेकू देत नसत."

"नत्थूजींच्या वेळी हे यंत्र होतं का? बसा गुपचूप!"

ती बसली. मधला दगड, बारीक दगड, शेवटी चामड्याची पट्टी. चाकू माझ्या हातावरून फिरवला तर केस साफ उतरले. लोंबता कागद आवाज न करता दोन झाला. मी फुगून गेले. शकुबाई पात्याची उलटी बाजू अंगठ्यानं चाचपत होती.

डिसेंबरात महादेवरावांनी तिला दोनशे रोपांचा वाफा दिला. "लागले तं हंगामभर भरा. नाई लागले तं पिशव्या." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

"ताई, चाकू काडीत शिरून बाहेर पळून राह्यला. सरळ नाई चालत."

"केस उतरवत होता ना परवा? मग आता बहाणे कायचे?"

तिनं फोन ठेवला. माझ्या तोंडून सभेत पुष्कळ कडवट वाक्यं निघाली आहेत, त्यांचं मला काही नाही. हे एक मात्र अजून सलतं.

वीस दिवसांनी पट्ट्या सोडल्या. डोळा हिरवा असेल तर लागला, काळा असेल तर गेला. दोनशेत हिरवे निघाले एकतीस. महादेवरावांनी नुसतं पिशव्यांच्या ढिगाकडे बोट केलं. मी उसळले.

"तुमच्या काड्याच सडक्या असतील!"

शकुबाईनं माझी ओढणी खेचली. "भांडू नका. आधी हे पाहा."

तिनं त्याच चाकूनं एक ताजा डोळा कापला आणि माझ्या मोबाइलच्या काचेवर ठेवला. बोट लावलं तर तो डुलला. "खालून उजेड दिसते. पाठ सपाट पाह्यजे, हे नावेसारखं झालं. झाडाले चिकटंन कसं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उतरलं. डोळे भरायच्या चाकूला उतार एकाच बाजूनं असतो. दुसरी बाजू सपाट असते, ती काडीवर टेकून सरळ चालते. ती सपाटी मीच घासून घालवली होती. प्रफुलच्या चाकूखाली कांदा येतो, आणि कांद्याला कापल्यावर जगायचं नसतं.

कलेक्टरच्या दारात बोलताना माझी जीभ कधी अडली नाही. तिथे अडली. तरी अकरा पुरुषांसमोर म्हटलं, "धार मी लावली, महादेवराव. ही अडवत होती, मी ऐकलं नाही. चूक माझी."

"तुमी अन् चूक? लिहून द्या ताई, फ्रेम करतो."

हशा झाला. गिळला. महादेवराव मात्र हसता हसता थांबले. शकुबाईकडे पाहून म्हणाले, "पन्नास रोपं घ्या. एकच डाव."

तीन दिवस शकुबाई अंगणात बसून होती. सपाट बाजू दगडावर आडवी टेकवून घासायची, त्यात कोन धरायचाच नसतो, म्हणून वाकड्या मनगटालाही जमलं. दुसरा उतार पुरता गेल्यावर तिनं पातं शिकंज्यात आवळलं आणि यंत्र फक्त उताराच्या बाजूला चालवलं. काठावर आलेला खरखरीत पदर सपाट बाजूनं दोन हलके हात मारून काढला. मी दगडावर पाणी टाकत होते. काही विचारलं नाही, काही सुचवलं नाही. नवा डोळा काचेवर ठेवला, तो हललाच नाही.

जानेवारीच्या शेवटी पन्नास पट्ट्या सुटल्या. बेचाळीस हिरवे. महादेवरावांनी स्वतः मोजले आणि म्हणाले, "पलीकडचा वाफा आजपासून तुमचा," आणि निघून गेले. मला वाटलं बाई आता हसेल, रडेल, काहीतरी करेल. ती खाली बसून मेलेले आठ डोळे नखानं उचलून एकेक उजेडात धरत होती.

"हे सहा काडीचे. काडीच वाळेल होती. हे दोन माहे."

"दोन कसे काय गेले?"

"घाई झाली. तुमी मांगं उभ्या होत्या न."

मग ती पलीकडच्या वाफ्यात जाऊन बसली, पहिलं रोप डाव्या हातात धरलं, आणि मान वर न करता मला म्हणाली, "सरका थोडं. उजेड अडून राह्यला."