यादीतून काढलेली घोडी

धुळ्याच्या एका छोट्या दैनिकात मी बाजारभाव लिहायचो. केळी, कापूस, भुईमूग, मिरची. माझं गाव फैजपूरकडचं, घरची केळीची बाग, त्यामुळे भाव चढणार की पडणार हे मला आधीच कळतं असा संपादकांचा समज होता. मला कळत नव्हतं. माझ्या वडिलांनाही उभ्या आयुष्यात कधी कळलं नाही. पण एका डिसेंबरात संपादकांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "तापीकाठच्या यात्रेत घोड्यांच्या शर्यती आहेत. कोण जिंकेल ते रविवारच्या अंकात आधीच छापू या. तू लिही."

मी म्हणालो, मला घोड्यातलं काही कळत नाही.

"केळी वर जाणार की खाली ते लिहितोस ना? मग झालं तर."

अशा रीतीने मी खानदेशातला घोड्यांचा जाणकार झालो. दत्तजयंतीची ती यात्रा म्हणजे घोड्यांचा मोठा बाजार. शुक्रवारी मी एसटीने जायचो, दावणीला बांधलेले घोडे बघत हिंडायचो, शनिवारी परत येऊन पाच नावांची यादी लिहायचो. वर मथळा असायचा, 'आजचे संभाव्य विजेते'. शर्यत रेवाल चालीची असे. म्हणजे घोड्याने झपझप चालायचं, पण चौखूर उधळायचं नाही. पाठीवरच्या माणसाच्या हातातला चहा सांडू नये, अशी ती चाल. पंच मोटरसायकलवरून शेजारून पाय बघत येत, आणि ज्या घोड्याने चाल मोडली तो तिथेच बाद.

पहिल्या वर्षी मी पहिला नंबर दिलेला घोडा सुरुवातीच्या रेषेवरच खाली बसला आणि दुपारपर्यंत उठला नाही. दुसऱ्या वर्षीचा उसाच्या रसाच्या गाड्यावर गेला. तिसऱ्या वर्षी फार अभ्यास केला. दात पाहिले, टापा पाहिल्या, अंगावरचे भोवरे मोजले, चार जुन्या व्यापाऱ्यांना विचारलं. तो घोडा इतका जोरात उधळला की मालक त्याला शोधायला शिरपूरपर्यंत गेले.

चौथ्या वर्षी यात्रेच्या आधीच घोडेमालक आमच्या ऑफिसात यायला लागले. मला वाटलं, आपल्या घोड्याचं नाव छापा म्हणायला आले असतील. ते सगळे आपलं नाव छापू नका म्हणायला आले होते. पेपरात आधी नाव आलं की घोड्याला दृष्ट लागते, आणि माझ्या हातची तर हमखास लागते, असं गावोगाव ठरलं होतं. एकजण भरताची वांगी घेऊन आला आणि शेजारच्या गावातल्या घोड्याबद्दल चांगल्या चार ओळी लिहा म्हणाला. त्याचा त्या घोड्याशी काय संबंध, असं मी विचारलं. "काही नाही, त्याचं वाईट व्हावं एवढंच," तो म्हणाला. वांगी मी ठेवून घेतली. त्या घोड्याबद्दल लिहिलं नाही.

मला राग आला होता, हे कबूल करतो. माणसाचं चुकतं, त्याला चुकलेला म्हणावं, अपशकुनी कशाला म्हणावं? या खेपेला एक तरी नाव बरोबर आणून दाखवायचं मी मनाशी ठरवलं. आणि ते नाव मला सापडलंही, अगदी माझ्या दारात.

मी देवपूरला खोली घेऊन राहायचो, ऑफिस पांझरा नदीच्या पलीकडे गावात. पुलावरून रोज मी एका टांग्याने जायचो. टांगेवाल्याला सगळे आबा म्हणत. साठीच्या पुढचे, काटक, तोंडात कायम काडी. त्यांच्या पांढऱ्या घोडीला ते 'बाई' म्हणायचे. बाई दोन वर्षं मला ऑफिसला घेऊन जात होती आणि दोन वर्षं मी ऑफिसला उशिरा पोचत होतो. मी हात जोडले, ओरडलो, एकदा तर चाबूक द्या म्हणालो. बाईने चाल बदलली नाही. मागून ट्रक भोंगा वाजवत आला तरी नाही, पुढे बैल बुजले तरी नाही. आबा मागे वळून म्हणायचे, "घाई कसाले, भाऊ? हाफिस पयी जास का?"

ऑफिस पळून जात नव्हतं, पण संपादक दारात उभे असायचे.

त्या वर्षी आबांच्या मुलाने रिक्षा घेतली. रिक्षा ठेवायला जागा एकच, बाईचा गोठा. देवपूरला आता टांग्यात बसतही कोणी नव्हतं, माझ्यासारखे दोन-तीन आळशी सोडले तर. बाईला यात्रेत विकायचं ठरलं. आबांनी एकच अट घातली होती, वरातीच्या घोडेवाल्याला द्यायची नाही. बाई जगात एकाच गोष्टीला भ्यायची, फटाक्यांना. दिवाळीचे चार दिवस आबा गोठ्यात तिचे दोन्ही कान हातांनी झाकून बसायचे. मुलगा म्हणायचा, म्हातारा लक्ष्मीपूजनाला कधी घरात सापडत नाही.

आणि गिऱ्हाईक चांगलं मिळत होतं. शहाद्याकडचे एक शेतकरी, सगळे त्यांना नाना म्हणत. गुडघे दुखायचे म्हणून त्यांना शेतावर फिरायला शांत चालीची घोडी हवी होती. घरी आंब्याखाली गोठा, नदीकाठी कुरण. शुक्रवारी मी यात्रेत गेलो तेव्हा नाना बाईचे दात बघत होते. आबा बाजूला उभे होते, पोरीला बघायला पाहुणे आल्यावर बाप उभा राहतो तसे. नानांनी मान डोलावली आणि म्हणाले, रविवारी सांगतो.

आबांनी बाईचं नाव शर्यतीत घातलं होतं, ते नानांनी तिची चाल बघावी म्हणून. नाव ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शर्यत कशाची? चाल न मोडण्याची. बाकीचे घोडे मोठे, तेजदार, काजूबदाम खाऊन आलेले; त्यातला प्रत्येक जण गर्दी बघून उधळणार. आणि ही? हिने चाल मोडावी म्हणून दोन वर्षं मी स्वतः जिवाचं रान केलं होतं. या विषयावर माझ्याएवढा अभ्यास साऱ्या खानदेशात कुणाचा नव्हता. उत्साहाच्या भरात मी तिथेच आबांना सांगून टाकलं, "आबा, या वर्षी पहिला नंबर तुमच्या बाईला देतोय. छापणार."

आबांच्या तोंडातली काडी पडली.

शनिवारी संध्याकाळी मी यादी लिहून खाली खिळे जुळवणाऱ्याकडे पाठवणार, एवढ्यात आबा ऑफिसात आले. घोडी मुलाजवळ सोपवून, एसटीत उभ्याने. टोपी हातात घेऊन ते माझ्या टेबलाशी उभे राहिले. मी बसा म्हणालो, बसले नाहीत.

"भाऊ, मनी बाईनं नाव पेपरमा लिखू नका. नजर लागी जाई."

मी त्यांना समजावलं. नजर वगैरे काही नसतं; तीन वर्षं मी चुकलो ते अज्ञानाने, या वर्षी मला पक्कं माहीत आहे. चाल, गर्दी, बाकीच्या घोड्यांचा स्वभाव, सगळं सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हनं बठ्ठं खरं शे. पन नाव काढी टाका." माझं सगळं खरं होतं, तरी नाव नको होतं.

आणि त्यांनी माझ्या पायाकडे हात नेला. माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस. मी त्यांचे हात धरले, यादी ओढली आणि बाईच्या नावावर रेघ मारली. तिच्या जागी एक काळा घोडा टाकला, ज्याची मला एवढीच माहिती होती की तो काळा आहे. आबा रात्रीच्या एसटीने परत गेले. मला वाईट वाटलं, ते माझं एकमेव खरं भाकीत वाया गेलं म्हणून. दुसरं काही वाईट वाटायला हवं होतं, हे तेव्हा सुचलं नाही.

रविवारी सकाळी यात्रेत पोचलो तर नाना माझी वाटच बघत होते. खिशात आमचा पेपर, घडी घातलेला.

"भाऊ, तुम्ही त्या टांगामा रोज बसतस ना? मंग पाचमा बी तिनं नाव कसं नही?"

मी म्हणालो, "नाना, घोडी उत्तम आहे. डोळे झाकून घ्या."

"तोंडनं बोलनं वळखनं ऱ्हास. छापेल तेच खरं."

म्हणजे तोंडाने माणूस ओळखीच्या माणसासाठी काहीही बोलतो, खरं काय ते छापताना कळतं. अख्ख्या खानदेशात माझ्या छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवणारा हा एकच माणूस होता, आणि तो नेमका त्या दिवशी भेटला. मग मी घाबरून खरं ते सांगितलं. नाव पहिलं लिहिलं होतं, आबांनीच येऊन काढायला लावलं. नानांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मालक स्वतः ऐंशी किलोमीटर येऊन घोडीचं नाव काढायला लावतो? मग तिच्या पायात काहीतरी असणारच. त्यांनी माझे आभार मानले. आपण वाचलो म्हणाले.

जिंकलेल्या घोड्याचा भाव चढतो, संध्याकाळी त्याला हात लावता येत नाही, म्हणून शहाणे गिऱ्हाईक शर्यतीआधीच सौदा करतात. नानांनी दहा वाजता रुमालाखाली बोटं धरून सौदा केला. काळा घोडा घेतला. माझ्या यादीतला पहिला.

बारा वाजता शर्यत सुटली. काळा घोडा पहिल्या वळणावर उधळला आणि बाद झाला. मग एक तपकिरी, मग दोन एकदम. गर्दी ओरडली की एकेकाचा धीर सुटत होता. शेवटी मैदानात आबा आणि बाई उरले. बाई पुलावरून येते तशी आली, त्याच चालीने, मागे ओरडणाऱ्या हजार माणसांना माझ्याएवढीच किंमत देत. मला घड्याळात बघायची सवय झाली होती, तेव्हाही बघितलं. मी रडलो. शेजारच्याला वाटलं, मी त्या काळ्यावर पैसे लावले असतील.

पहिली आलेली घोडी बघायला गर्दी जमली आणि तिच्यात जळगावचा वरातीचा घोडेवाला होता. शर्यत जिंकलेली पांढरी घोडी त्याला हवीच होती. आबा नाही म्हणाले. मुलाने त्यांना बाजूला नेलं. परत गेल्यावर बांधणार कुठे, एवढंच त्याने विचारलं, आणि त्याचंही खोटं नव्हतं. नाना लांब उभे होते, काळ्या घोड्याचा दोर धरून. आबा बाईच्या कानामागे हात घालून उभे राहिले, सौदा होईपर्यंत.

त्यानंतर मी आबांच्या गल्लीतून जाणं सोडलं. रिक्षाने जायला लागलो. वेळेवर पोचायला लागलो. संपादकांना आश्चर्य वाटलं. यादी लिहिण्याचं काम मी सोडून दिलं आणि पुन्हा केळीवर आलो.

दीड वर्षाने, वैशाखात, माझं लग्न जळगावला झालं. मारुतीच्या दर्शनाला जायला मुलीकडच्यांनी घोडी सांगितली होती. मी फेटा सावरत बाहेर आलो तर दारात बाई उभी. अंगावर जरीची झूल, कपाळावर आरशांचा पट्टा, आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. लगाम आबांच्या हातात. घोडी गेली तेव्हा तेही तिच्यामागे घोडेवाल्याकडे चाकरीला राहिले होते, हे मला तिथे कळलं.

आबांना मला बघून फार आनंद झाला. मला त्यांनी स्वतः वर बसवलं. बँड सुरू झाला. आबा माझ्या पायाशी चालत होते. थोड्या वेळाने वर बघून म्हणाले, "भाऊ, तुम्हना उपकार शेतस. तुम्ही नाव काढी टाकं, म्हणीसन जितनी ती."

दीड वर्ष हा माणूस मनातल्या मनात माझे आभार मानत होता. मी तोंड उघडलं. सांगायचं होतं की नाव राहिलं असतं तर ती आज आंब्याखाली उभी असती. पण आबा हसत होते, आणि मी तोंड मिटलं.

तेवढ्यात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. बाई उधळली नाही. चालसुद्धा मोडली नाही. फक्त माझ्या मांडीखाली तिची कातडी थरथरायला लागली आणि थांबेना. आबांनी लगाम दंडाला अडकवला आणि दोन्ही हात वर करून तिचे कान झाकले.

मी उतरलो. मामा ओरडले, नवरदेव असा मधेच उतरत नाही. मुलीकडचा एकजण म्हणाला, मुहूर्त टळेल. मी माळ पायाने विझवली, बँडवाल्यांना हात जोडून पुढे पाठवलं, आणि आबांच्या एका बाजूला चालायला लागलो. दुसऱ्या बाजूला बाई, रिकाम्या पाठीने, पुलावरच्या त्याच चालीने.

मामा पुन्हा ओरडले. आबांनी मागे वळून पाहिलं.

"घाई कसाले? मारुती पयी जास का?"

मुहूर्त टळला. बायको आजही ते काढते. उशीर का झाला ते तिला मी सांगितलं आहे, आबांना मात्र शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.