पंगतीत वाढणारी कॅप्टन

“रूपाली, खाली बस. मांडी घालून.”

हॉस्टेलच्या हॉलमध्ये मी स्वतः सतरंजी अंथरली होती. दुसऱ्या दिवशी सेमीफायनल. आमची कॅप्टन माझ्यासमोर उभी, आणि हसत म्हणते कशी, “मॅडम, आत्ताच तर प्रॅक्टिस झाली. उभीच बरी हाय की मी.”

“बस म्हणलं ना.”

ती बसली नाही. हसू मात्र गेलं.

मी धाराशिवच्या महिला खो-खो संघाची जनरल मॅनेजर. हे पद ऐकलं की लोकांना वाटतं मी कारखान्यात आहे. शेजारच्या काकू तर अजून विचारतात, “कुठल्या बँकेत म्हणालीस गं?” मी आता सांगायचं सोडून दिलंय.

आधी मी नुसती मॅनेजर होते. म्हणजे बस ठरवायची, जर्सी धुऊन आणायच्या, पोरींच्या आईबापांचे फोन घ्यायचे आणि मॅचनंतर पंगत बसवायची. संघ निवडायचा तो नाना सरांनी. नाना सर आमचे कोच. मलाही त्यांनीच खेळवलंय. त्यांच्यापुढं आजही मी खुर्चीत टेकून बसत नाही.

मग लीग आली आणि लीगसोबत मालक आले. महेशअण्णा. मूळचे इथलेच, मोंढ्यात घरची धान्याची आडत, पण मधली बरीच वर्षं अमेरिकेत काढलेली. तिथं त्यांना तिकडच्या फुटबॉलचं वेड लागलं. चेंडू हातात धरून पळायचं, एकमेकांच्या अंगावर पडायचं आणि त्याला फुटबॉल म्हणायचं! असो. पहिल्याच मीटिंगला अण्णा नाना सरांच्या समोरच म्हणाले, “तिकडं आधी बऱ्याच ठिकाणी कोचचाच शब्द चालायचा. जनरल मॅनेजर म्हणजे सह्या करणारा माणूस. आता तसं नाही. कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं, हे जीएम बघतो. डॉक्टर, आकडेवाले त्याच्या हाताखाली. कोचला उद्याची मॅच दिसते, जीएमला पुढचे हंगाम दिसले पाहिजेत. सुनंदाताई, आजपासून तुम्ही जीएम.”

नाना सर अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

अण्णांनी आणखी एक ठासून सांगितलं. “आता पंगतीत फिरणं बंद. जीएमनं भाजीच्या बादलीमागं पळायचं नसतं.” मी हो हो म्हणाले आणि बादलीमागं पळत राहिले. माझा स्वभावच तसा आहे. कुणी पोरगी उपाशी उठली तर मला झोप येत नाही.

आता रूपालीचं सांगते. बेंबळीची पोरगी. खो-खोत एक संघ चौकात बसून खो देत पाठलाग करतो आणि दुसऱ्याच्या तिघी-तिघी मैदानात उतरून चकवत पळतात. रूपाली पळण्यातली वाघीण. पाठलाग करणारीला वाटायचं आता सापडली, आणि ही खांबाच्या पलीकडं. तिचं बळ राखायचं म्हणून नाना सर तिला फक्त पळायला उतरवायचे. लीगमध्ये तशी मुभा असल्यानं चौकात तिच्या जागी दुसरी बसायची. त्यामुळं गुडघे मोडून बसायची वेळ तिच्यावर मैदानात कधी येतच नव्हती.

आमच्याकडं एक पद्धत आहे. मॅच कुठंही असो, गावातलं कुणीतरी संघाला घरी जेवायला बोलावतंच. हॉटेलात जेवतो म्हणलं की माणसं रुसतात. त्या हंगामात ढोकीला असंच जेवण होतं. पत्रावळी मांडल्या, पोरी बसल्या आणि रूपालीनं भाकरीची टोपली उचलली. “तुमी बसा समद्या. मी वाढते.”

नाना सरांना गहिवरून आलं. “बघा गं, शिका काहीतरी. कॅप्टन असून वाढती पोरगी!”

मलाही कौतुक वाटलं. पुढच्या पंगतीला परत तेच. त्याच्या पुढच्याही. मग बेंबळीला जेवण झालं, तिच्या सख्ख्या चुलत्याच्या घरी. तिचाच सत्कार, तिच्यासाठी मधोमध पाट मांडलेला, चुलती हाताला धरून बसवतेय. आणि ही बाई हात सोडवून गुलाबजामचं पातेलं घेऊन पळाली! शेवटी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्यानं जेवली. तिथं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, हा चांगुलपणा नव्हे. हिला मांडी घालता येत नाही!

संघाचे आकडे केतकी बघते. पुण्याची पोरगी, लॅपटॉपशिवाय जेवत नाही. तिला विचारलं तर म्हणाली, “मॅडम, रूपालीचे आकडे एकदम मस्त आहेत. मैदानात पहिल्याइतकाच वेळ टिकते.”

“टिकण्याचं सोड. वळती कशी ते बघ.”

तिनं सगळे व्हिडिओ परत लावले. तासाभरानं आली ती चेहरा पाडून. “डाव्या पायावर वळणं जवळजवळ बंद केलंय तिनं. उजव्यावरच भागवतेय. इतक्या सफाईनं की कळतच नाही.”

म्हणून ती सतरंजी.

रूपाली उभ्या उभ्याच रडायला लागली. “मॅडम, सरांना नका सांगू. दुखतंय म्हणणारीला सर नाजूक म्हणतात. गोळी घेतली की पळता येतंय मला.” मग खरं बाहेर पडलं. “उद्या नोकरीवाले येणार हायेत मॅच बघाया. खेळाडूंच्या कोट्यातली भरती हाय. घरच्यांनी समद्या गावाला सांगून ठेवलंय. उद्या न्हाय खेळले तर मी गावात तोंड कसं दाखवू?”

मला भडभडून आलं. मीही याच मातीतली. मैदानावरून पोरीला नोकरी लागणं म्हणजे काय असतं, ते मला कुणी सांगायला नको. तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, “उद्या तू खेळणार न्हाईस.”

ती माझा हात झटकून गेली.

नाना सर मैदानावरच भेटले. त्यांना सगळं सांगितलं. “सुनंदा, आता तू मला शिकवणार व्हय?”

“न्हाय सर. खेळवायचं तुम्हीच. कुणाला उतरवायचं न्हाय, एवढंच माझं.”

“पोरगी स्वतःच्या तोंडानं खेळते म्हणती.”

“पोरगी तुम्हाला घाबरती सर. मीपण घाबरते. पण मला या पदावर बसवलंय.”

अण्णांचा फोन आला. सेमीफायनल, स्वतःचं गाव, पोस्टरवर रूपालीचा फोटो. “ताई, एकच मॅच. नंतर करू की इलाज.”

“अण्णा, जीएमला पुढचे हंगाम दिसले पाहिजेत, हे तुमचंच वाक्य. मला दिसतायत. नसेल पटत तर उद्या सकाळी दुसरा जीएम बघा, तो उतरवेल तिला मैदानात.”

शेवटी अण्णा म्हणाले, “ठीकंय. पण हरलो तर तुमच्या नावावर.”

“लिहा.”

हरलो. थोडक्यात हरलो, म्हणून जास्त लागलं. रूपाली ट्रॅकसूट घालून बाकावर बसली होती. गडी माणसं माझ्याकडं बघून काय काय बोलत होती ते मी इथं लिहीत नाही. नाना सर माझ्याशी न बोलता निघून गेले.

दोन दिवसांनी सोलापूरला एमआरआय झाला. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. गुडघ्यात हाडांच्या मधे एक गादी असते, ती फाटली होती. “शिवता येईल,” ते म्हणाले. “आणखी एकदा पाय पिळला असता तर कापून काढावी लागली असती. मग असं पळणं विसरा.”

रूपालीनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण माझा पदर धरला आणि ऑपरेशनला आत नेईपर्यंत सोडला नाही. दाराशी नाना सर उभे होते. कधी आले होते कुणास ठाऊक. म्हणाले, “मी कौतुक करत बसलो गं. वाढती म्हणून.”

पुढच्या हंगामात ती परत उतरली. सुरुवातीला बिचकत, मग पहिल्यासारखी, दोन्ही पायांवर वळणारी. नोकरीवालेही परत आले. नोकरी लागली, आणि बेंबळीत त्याच चुलत्याच्या घरी पंगत बसली. या खेपेला अण्णाही होते. मधल्या पाटावर रूपाली पक्की मांडी ठोकून बसली आणि घर दणाणेल असं ओरडली, “ओ जीएम मॅडम! भाजी आणा की!”

मी बादली उचलली. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं आणि गुपचूप आपली पत्रावळ पुढं सरकवली.

आता संघात नवी पोरगी घ्यायची असली की मी केतकीचे आकडे बघते, नाना सरांचं मत घेते. आणि सही करायच्या आधी तिला जेवायला बोलावते. खाली, सतरंजीवर.